दर तीन सेकंदांना एक

सांगलीला मावसभावाच्या मुलीचे लग्न होते. पंगतीत शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. मठ्ठ्याचा घोट घेता घेता त्यांनी विचारले, "आपण काय करता?" मी म्हटले, "इंजिनिअर आहे." "सॉफ्टवेअर?" "नाही, मेकॅनिकल. यंत्रांची रचना करतो. गोदामात पार्सले हलवणारी, ती गावाप्रमाणे वेगळी करणारी यंत्रे." गुरुजी क्षणभर विचारात पडले आणि मग समजूतदारपणे म्हणाले, "म्हणजे कुरिअरमध्ये आहात." मी होय म्हटले आणि जिलेबी वाढून घेतली.

गुरुजींचा दोष नाही. आमचे काम कोणाला दिसत नाही. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो, मोटार बनवणाऱ्याला मोटार. आम्ही जे बनवतो ते भिवंडीच्या किंवा चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सुरक्षारक्षकाच्या दोन फाटकांपलीकडे, रात्रंदिवस फिरत असते. आपल्याला दिसते ते फक्त शेवटचे टोक: दारावरची बेल, हेल्मेट घातलेला मुलगा, प्लॅस्टिकच्या पिशवीतली साडी किंवा मुलाचे वह्या-पेन. काल रात्री मागवले आणि आज दुपारी आले, याचे आता कोणाला नवलही वाटत नाही. उलट उद्यावर गेले तर आपण चिडतो. मीही चिडतो.

मधल्या त्या बारा-चौदा तासांत काय होते, ते थोडे सांगतो. ट्रकमधून उतरलेली पार्सले एका लांब पट्ट्यावर येतात. तिथून ती काही माणसांच्या पुढ्यात जातात. ही माणसे एकेक पार्सल उचलून, पत्त्याची चिठ्ठी वर येईल असे फिरवून, एका छोट्या पट्ट्यावर ठेवतात. या जागेला आम्ही 'फीडिंग स्टेशन' म्हणतो. हा छोटा पट्टा पार्सलाला वेग देऊन मुख्य यंत्रावर सोडतो. मुख्य यंत्र म्हणजे एक न संपणारी आगगाडी समजा. गोल फिरणारी, प्रत्येक डब्याच्या जागी आडवा फिरणारा एक इवलासा पट्टा. वर कॅमेरा बारकोड वाचतो, संगणक त्यावरून पिनकोड काढतो, आणि गाडी नेमक्या खिडकीसमोर आली की तो इवलासा पट्टा फिरून पार्सल बाजूच्या घसरगुंडीत टाकतो. खाली नाशिकची पिशवी, पलीकडे नांदेडची, त्यापलीकडे मडगावची. डब्यांमधले अंतर ६०० मिलिमीटर आणि वेग सेकंदाला दीड मीटर धरला, तर तासाला ९,००० डबे समोरून जातात. काही रिकामे जातात, काही पार्सले वाचली जात नाहीत म्हणून पुन्हा फिरून येतात. ते वजा जाता तासाला ७,००० पार्सले होतात. हा आकडा आमच्या व्यवसायात लग्नपत्रिकेवरच्या श्रीगणेशासारखा असतो. तो आधी लिहायचा आणि बाकी सगळे त्याखाली.

आमच्या घरात वर्गवारीचा हा धंदा दुसऱ्या पिढीचा आहे, हे मला फार उशिरा सुचले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मिरजेला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. १९७० साली लागले. रात्रीच्या गाडीला जोडलेला टपालाचा डबा, भिंतीला लाकडी खणांची मांडणी, आणि हलत्या डब्यात पाय रोवून उभे राहून पत्रे खणांत टाकायची. पुढचे स्टेशन येण्याआधी त्या भागाची थैली बांधून तयार हवी. कोणते खेडे कोणत्या टपाल कचेरीखाली, ती कोणत्या मार्गावर, हे सगळे पाठ. लहानपणी आम्ही गंमत म्हणून कुठल्याही गावाचे नाव घेत असू आणि अण्णा भाजी चिरता चिरता त्याची वाट सांगत.

१५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला. तो योजणारे गृहस्थ मराठी होते, हे नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असते. श्रीराम भिकाजी वेलणकर हे दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित-कवी. एकाच नावाची गावे देशभर. औरंगाबाद महाराष्ट्रात होते तसे बिहारमध्येही. पत्ते डझनभर लिप्यांत लिहिलेले, अक्षर कोणाचे कसे तर कोणाचे कसे. यावर वेलणकरांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन टपाल कचेरीचे. मिरजेचा ४१६४१०, भिवंडीचा ४२१३०२. अण्णा सांगतात, पिन आला तेव्हा त्यांच्यातल्या काही जुन्या सॉर्टरना राग आला होता. वीस-वीस वर्षे घोकून पाठ केलेली गावे एका रात्रीत आकडे होऊन बसली. आता काल लागलेला पोरगाही आपल्याबरोबरीने टपाल लावील, ही त्यांची तक्रार. ती खोटी नव्हती. आज माझ्या यंत्रातला संगणक ज्या सहा आकड्यांवर निर्णय घेतो, ते हेच आकडे आहेत. पन्नास वर्षांनंतर त्याला त्यापेक्षा चांगले काही सापडलेले नाही.

अण्णांना मी माझे यंत्र मोबाइलवर चित्रफितीत दाखवले. त्यांनी दोनदा पाहिले. मग विचारले, "हे इथं पार्सल ठेवणारे लोक किती वेळ उभे असतात रे?" मी म्हटले, "पाळी आठ तासांची." "आणि गाडी मध्ये थांबते कुठं?" मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "आमची गाडी स्टेशनात थांबायची. थैल्या खाली गेल्या की पाच मिनिटं टेकायला मिळायचं." मी हसून विषय बदलला. हा प्रश्न मला पुढे फार महागात पडला, म्हणून तो इथे लिहून ठेवला.

आमच्या कामातला आनंद खोटा नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे वाचून एखाद्या आईला वाटायचे की मुलाला मेकॅनिकलला घालू नये. एक साधे उदाहरण देतो. दोन गोल ड्रमांवर ताणून बसवलेला पट्टा फिरता फिरता हळूहळू एका बाजूला सरकतो आणि कडेला घासून फाटतो. यावर उपाय काय? कडेला आडकाठ्या लावाव्यात असे वाटेल. खरा उपाय असा की ड्रम मधोमध अगदी किंचित, मिलिमीटरभर, फुगीर करायचा. उतारावर ठेवलेली वस्तू खाली घसरते, तेव्हा पट्टाही फुगीर भागावरून खाली सरकायला हवा, नाही का? पण फिरता पट्टा उलट वागतो. तो उंच भागाकडे चढतो आणि मधोमध येऊन राहतो. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये एका वृद्ध टर्नरने लेथवर ड्रमचे पोट काढून मला हे पहिल्यांदा दाखवले, त्या दिवशी कॉलेजच्या चार वर्षांत जे समजले नव्हते ते समजले. दुसरे एक: रोलरच्या मार्गावरून खोके जायचे असेल तर सर्वांत लहान खोक्याखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर हवेत, नाहीतर ते डुलत जाईल आणि नाक खाली घालेल. परदेशी ड्रॉइंगमध्ये हे ठीक चालते, कारण तिकडे पुठ्ठ्याची खोकी. आपल्याकडे निम्मा माल मऊ पिशव्यांतला. कुर्ता, चादर, ब्लाउजपीस. पिशवी रोलरच्या फटीत नाक खुपसते आणि मागे रांग तुंबते. म्हणून आपल्याकडे रोलरऐवजी पट्टा लागतो, आणि पट्टा म्हटला की पैसे वाढले. शिवाय पत्र्याखालचा उन्हाळा, पावसाळ्यातली ओल, दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे दुप्पट माल आणि उंदीर. केबल कुरतडणाऱ्या उंदरावर कोणत्याही जर्मन पुस्तकात प्रकरण नाही.

भिवंडीच का, असे लोक विचारतात. यंत्रमागांचे हे गाव गोदामांचे झाले ते करांमुळे. मुंबईत माल शिरला की जकात. म्हणून व्यापाऱ्यांनी माल वेशीबाहेर ठेवायला सुरुवात केली. पुढे १ जुलै २०१७ला वस्तू आणि सेवा कर आला. त्याआधी केंद्रीय विक्रीकर चुकवण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात एकेक लहान गोदाम ठेवीत. ती गरज संपली आणि दहा लहान गोदामांऐवजी एक प्रचंड गोदाम परवडू लागले. प्रचंड गोदाम हाताने चालत नाही. तेव्हा आमचे दिवस आले. माझ्या घराचा हप्ता त्या कायद्याने फेडला असे म्हणायला हरकत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गोदामासाठी आम्ही यंत्र दिले. सहा फीडिंग स्टेशने. तासाला ७,००० पार्सले म्हणजे प्रत्येक स्टेशनवर साधारण १,१६७. म्हणजे दर तीन सेकंदांना एक. यंत्र सुरू झाले, आकडा गाठला, ग्राहकाने पेढे वाटले. आमच्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. दीड महिन्याने एका पट्ट्याचा आवाज येतो म्हणून मी पुन्हा गेलो. आवाजाचे कारण दहा मिनिटांत सापडले, एक बेअरिंग. हात पुसता पुसता सहज फीडिंग स्टेशनांकडे पाहिले. सहाही ठिकाणी बायका होत्या. वाडा, शहापूर, कल्याणकडून कंत्राटदाराच्या गाडीतून येणाऱ्या. आणि सहांपैकी पाच जणी उपड्या घातलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर उभ्या होत्या.

"ताई, क्रेटवर का उभ्या राहता? पाय घसरेल."

ती हसली. हात थांबला नाही. "सर, तुमचं टेबल बरोबर आहे. आम्हीच बुटक्या."

टेबलाची उंची १,०५० मिलिमीटर होती. तो आकडा कुठून आला होता, ते मला पक्के आठवत होते. तांत्रिक सहकार्यात मिळालेल्या एका युरोपीय ड्रॉइंगमधून. मुख्य यंत्र उंच, कारण त्याखाली घसरगुंडीला उतार हवा. म्हणून फीडिंगचे टेबलही उंच, म्हणजे मधला चढ कमी, जागा कमी, खर्च कमी. तिकडच्या सहा फुटी पुरुषाच्या कोपराच्या थोडे खाली ते येते. आपल्याकडे सरासरी स्त्री पाच फुटांची. तिचे कोपर जमिनीपासून जेमतेम ९५ सेंटिमीटरवर. टेबल कोपराच्या वर, त्यावर वीतभर उंच पार्सल, म्हणजे हात खांद्यापाशी. दर तीन सेकंदांना एकदा. ही मापे भारतात कोणी घेतलीच नाहीत असेही नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते आमच्या कार्यालयाच्या कपाटात होते. मी ते उघडले नव्हते. ड्रॉइंग परक्याचे होते खरे, पण खालच्या चौकटीत सही माझी होती.

परत येताना गाडीत मी कागदावर एक हिशेब मांडला. तासाला १,१६७, चहा-जेवण वजा जाता सात तास, म्हणजे एका पाळीत आठ हजार पार्सले. एकेक सरासरी अर्धा किलो. कोणी म्हणेल, अर्धा किलो म्हणजे काय, साखरेची पुडी. पण आठ हजार वेळा अर्धा किलो म्हणजे चार टन. शंभर किलोची चाळीस पोती. आमच्या माहितीपत्रकात छापलेले असते की आमच्या यंत्रांमुळे पाठीवरचे ओझे संपते. पाठीवरचे संपते हे खरे आहे. ते बारीक तुकडे करून खांद्यावर, मनगटावर दिले जाते. पोते उचलणारा हमाल दोन पोत्यांमध्ये कंबरेवर हात ठेवून उभा राहू शके. त्याच्या बाजूने अण्णासाहेब पाटलांसारखा माणूस उभा राहिला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अर्ध्या किलोच्या ओझ्यासाठी कोण मोर्चा काढणार? ते ओझे वाटतच नाही.

वजन उचलण्याचे एक अमेरिकन सूत्र आम्हा लोकांना माहीत असते. १९९१ साली सुधारलेले. सर्व परिस्थिती उत्तम असेल तर २३ किलो, असा त्याचा आरंभ. उत्तम म्हणजे काय? वस्तू शरीरापासून २५ सेंटिमीटरवर आणि हात जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर. वस्तू ५० सेंटिमीटर लांब गेली की २३चे निम्मे होतात. उंची बदलली, अंग वळवावे लागले, वारंवार उचलावे लागले, की प्रत्येक वेळी कात्री. आपल्या आज्ज्या घागर कडेवर का घेत, याचे गणित त्यात आहे. मी त्या सूत्राने दुसऱ्यांच्या यंत्रांवर टीका केली होती.

मी अहवाल लिहिला. टेबल खाली घ्यावे. साहेब म्हणाले, "ग्राहकाची तक्रार आहे का?" नव्हती. ग्राहकाचा आकडा भरत होता. क्रेट फुकटचे होते. अहवाल फाइलला लागला, आणि मी दुसऱ्या कामाला लागलो. हे वाक्य लिहिताना बरे वाटत नाही, पण तसेच घडले.

तीन महिन्यांनी त्याच गोदामातून दूरध्वनी आला. त्या बायकांपैकी एकीची ओढणी पट्ट्यात गेली होती. फीडिंगचा पहिला पट्टा जिथे संपतो आणि वेग देणारा दुसरा सुरू होतो, तिथे दोन बोटांचा सांधा असतो. तो सांधा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्याबाहेर होता, म्हणून तिथे जाळी दिली नव्हती. नियमाप्रमाणे बरोबर. पण क्रेटवर उभे राहून, पार्सल जरा पुढे ढकलायला वाकले, की तो टप्प्यात येत होता. लाल बटण होते, पलीकडच्या खांबावर. शेजारणीने धावत जाऊन ते दाबले. बटण दाबल्यावरही पट्टा क्षणात थांबत नाही, अर्धा-पाऊण सेकंद जातो. कापड फाटले म्हणून ती वाचली. सुती नसून नायलॉनचे असते तर काय, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही. तिच्या मानेवर दोरखंड ओढल्यासारखा लाल वळ होता. चौथ्या दिवशी ती कामावर आली, कारण न आलेल्या दिवसाचे पैसे नव्हते.

बैठक झाली. गोदामाचे व्यवस्थापक, कंत्राटदाराचा माणूस, आमचे साहेब आणि मी. पहिला ठराव एकमताने झाला: कामावर ओढणी घालू नये, असा मराठी-हिंदीत फलक लावावा. फलकाचा खर्च कंत्राटदार करील.

यंत्रांच्या सुरक्षिततेचे एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचा क्रमांक १२१००. त्यातली मुख्य गोष्ट एका ओळीत सांगता येते. आधी रचनाच अशी करा की धोका राहणार नाही. ते जमले नाही तर धोक्यावर आवरण घाला. आणि तरीही काही उरले तरच सूचना लिहा. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे तो डोक्यावर उभा केलेला असतो. आधी फलक, मग अपघात झाला तर जाळी, आणि रचना बदलणे म्हणजे ग्राहकाचा अपमान. रेल्वेच्या फाटकापासून शाळेच्या जिन्यापर्यंत हेच. फलक लावला की जबाबदारी वाचणाऱ्याकडे जाते, ही त्यातली खरी सोय. ओढणी घालू नये, हे म्हणायला सोपे. पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास पुरुषांच्या नजरेसमोर दिवसभर हात वर करून काम करणारी मुलगी ओढणी का घेते, हे त्या टेबलाभोवतीच्या आम्हा चार पुरुषांपैकी कोणी विचारले नाही. मीही त्या वेळी एवढेच बोललो की क्रेट नसता तर हात पोहोचलाच नसता, आणि टेबल खाली असते तर क्रेट लागला नसता.

यावर व्यवस्थापकांनी रास्त प्रश्न केला. खाली म्हणजे किती आणि त्याची किंमत काय? टेबल ८५० मिलिमीटरवर आणायचे तर मधला चढ २०० मिलिमीटरने वाढतो. मऊ पिशव्या घसरू नयेत म्हणून चढ बारा अंशांपलीकडे नेता येत नाही. म्हणजे प्रत्येक स्टेशन जवळजवळ एक मीटरने लांबणार. सहा स्टेशनांची रांग मीटरभर पुढे सरकली की समोरची वाट अरुंद होते, हातगाडी वळत नाही, आणि भिवंडीतल्या प्रत्येक चौरस फुटाला भाडे आहे. ते व्यवस्थापक दुष्ट नव्हते. त्यांना वर एक आकडा द्यावा लागत होता, मला एक आकडा गाठावा लागला होता, आणि त्या मुलीला दर तीन सेकंदांना एक. वरपासून खालपर्यंत आकड्यांचा हा पट्टा सगळ्यांच्या पायाखाली फिरतो आहे. त्याच्या दुसऱ्या टोकाला 'उद्या दुपारपर्यंत' हे बटण दाबणारे आपण आहोत.

शेवटी मार्ग निघाला तो अर्धामुर्धा. सहापैकी तीन स्टेशने खाली घेतली, टेबलाचे पाय खालीवर करता येतील असे केले. सर्व सांध्यांमध्ये एक बारीक रोलर बसवला. तो खाचेत नुसता ठेवलेला असतो. बोट किंवा कापड खाली ओढले जाऊ लागले की उसळून बाहेर पडतो आणि वाट मोकळी होते. किंमत किरकोळ. सुरुवातीलाच घातला असता तर कोणाला कळलेही नसते. थांबवण्याची दोरी कमरेच्या उंचीवर सबंध रांगेभर ओढली. फलकही लागला.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. ज्या यंत्रावर सही करायची, त्याच्या फीडिंग स्टेशनवर आधी एक पाळी स्वतः उभे राहायचे. तपासणीसाठी तासभर नव्हे, सबंध पाळी. पहिल्या तासात मजा वाटते. दुसऱ्या तासात आपण स्वतःला शाबासकी देतो. तिसऱ्यात डावा खांदा बोलू लागतो, आणि चौथ्यानंतर विचार थांबतात. फक्त पुढचे पार्सल. लघवीला जायचे तर जागेवर कोणाला तरी उभे करावे लागते. मी साहेब असल्याने मला लगेच बदली मिळाली. शेजारच्या मावशींनी मला सांगितले की त्या सकाळपासून पाणी कमी पितात. ही गोष्ट कोणत्याही ड्रॉइंगमध्ये, कोणत्याही अहवालात मला सापडली नसती. आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या मुलांना मी आता हाच नियम लावतो. दोघांनी नोकरी सोडली, ते जाऊ द्या. उरलेल्यांची ड्रॉइंगे सुधारली. अभियांत्रिकी महाविद्यालयांत तुळईचे वाक शिकवताना माणसाच्या कोपराची उंचीही एखाद्या सत्रात शिकवली तर विद्यापीठाचे फार नुकसान होणार नाही.

मला कोणी विचारते, ही यंत्रे नकोच का मग? तसे मी म्हणणार नाही. मी हाताने वर्गवारी होणारी गोदामे पाहिली आहेत. जमिनीवर पार्सलांचे ढीग, दिवसभर वाकून उचलणे, चुकीच्या गावी गेलेली औषधे. यंत्र आल्यावर तिथे निम्म्याहून कमी माणसे लागली, हेही खरे. उरलेली कुठे गेली, ते मी विचारले नाही, कारण ती कंत्राटदाराची होती आणि त्यांची नावे आमच्या कोणत्याच कागदावर नव्हती. माझी तक्रार यंत्रावर नाही, यंत्र जिथे संपते त्या जागेवर आहे. मधला सगळा भाग आम्ही जिवापाड जपतो. मोटारीचे तापमान बघतो, बेअरिंगला वेळेवर वंगण देतो, पट्ट्याचा ताण मोजतो. पट्ट्याच्या तोंडाशी जो माणूस जोडलेला असतो, त्याच्या देखभालीचे पान पुस्तिकेत नसते.

१९४८च्या कारखाना कायद्यात ४४ क्रमांकाचे एक कलम होते. ज्यांना उभ्याने काम करावे लागते, त्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून बसण्याची सोय हवी, असे ते सांगत असे. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही तशी तरतूद आहे. केरळने २०१८मध्ये आणि तामिळनाडूने २०२१मध्ये दुकानांतल्या कामगारांसाठी बसण्याचा हक्क कायद्यात घातला. केरळात तर तो कापडदुकानांतल्या बायकांनी भांडून मिळवला. बसण्यासाठी भांडावे लागते, हे वाचून आपल्याला हसू येते, कारण आपण बहुधा बसून वाचत असतो.

गेल्या महिन्यात त्याच गोदामात पुन्हा जाणे झाले. खाली घेतलेल्या तीन स्टेशनांवर आता क्रेटवर कोणी उभे नव्हते. क्रेट मात्र तिथेच होते. पट्टा रिकामा जात असे त्या अर्ध्या मिनिटात बायका त्यावर टेकत होत्या. सुपरवायझर आला की उठत. मी घरी येऊन अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "स्टेशन आलं म्हणायचं त्यांचं." मग थोड्या वेळाने, "क्रेट कशाला, चांगलं स्टूल का नाही देत?"

नव्या यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये मी प्रत्येक स्टेशनला उंची कमीजास्त होणारे एक स्टूल दाखवले आहे, पट्ट्याच्या पायाशी बोल्टने बसवलेले, म्हणजे कोणाला उचलून नेता येणार नाही. सोबत एक पानाचे टिपण जोडले आहे: दर दोन तासांनी पट्टा पाच मिनिटे थांबावा, त्याने दिवसाचा आकडा किती कमी होतो, तेही त्यात मांडले आहे. खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत आहे. ग्राहकाच्या खरेदी विभागाने त्या ओळीसमोर प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला आहे. मंगळवारी बैठक आहे.